वहिनीच्या गाडीची चावी

माझा मोठा भाऊ गेला तेव्हा वहिनीकडे बदलापूरचा फ्लॅट राहिला आणि इमारतीच्या आवारात उभी असलेली त्याची जुनी गाडी. पुढच्या वर्षभरात वहिनीने दोन कामं केली. कल्याणच्या आरटीओत खेटे घालून गाडी स्वतःच्या नावावर करून घेतली, आणि पन्नाशी उलटल्यावर ड्रायव्हिंग स्कूल लावून लायसन्स काढलं. दोन्ही वेळा कागदपत्रांची यादी मी करून दिली होती. यादी करणं सोपं असतं. रांगेत ती एकटी उभी होती.

एवढं करूनही गाडी चालवायचा तो माझा धाकटा भाऊ. तो वांगणीला आमची शेती बघतो आणि शनिवार-रविवारी फार्महाऊसवर येणाऱ्या मुंबईच्या मंडळींना स्टेशनवरून नेणं-आणणं करतो. मोठ्याच्या आजारपणात दवाखान्याच्या सगळ्या फेऱ्या त्यानेच केल्या. तेव्हा त्याच्याकडे दिलेली चावी त्याच्याकडेच राहिली. तो ट्रेनने बदलापूरला यायचा, गाडी घेऊन जायचा आणि एक-दोन दिवसांनी चिखलाने माखलेली, पेट्रोलचा काटा तळाला टेकलेली आणून लावायचा. मनाने वाईट नाही तो. गाडी घरातलीच आहे, आणि घरातल्या वस्तूला विचारायचं काय, असा त्याचा साधा हिशोब.

दुसरी चावी वहिनीच्या कपाटात होती. तिचं काळं प्लास्टिकचं डोकं तडकलं होतं, म्हणून वहिनीने ती रस्त्यावर बसणाऱ्या एका चावीवाल्याला दिली. त्याने नवं कवच बसवून दिलं, जुनं टाकून दिलं. त्या दिवसापासून ती चावी दार उघडायची, स्टिअरिंगजवळ फिरायचीही, पण इंजिन सुरू होईना. जुन्या कवचात तांदळाच्या दाण्याएवढी एक चिप असते आणि गाडी त्या चिपला ओळखते, लोखंडाला नाही, हे आम्हाला तेव्हा कुणाला माहीत होतं? चिप कचऱ्यात गेली होती. म्हणजे गाडी वहिनीची, लायसन्स वहिनीचं, आणि चालणारी एकुलती एक चावी वांगणीला.

तसं ते चालूनही गेलं असतं. पण वहिनीची आई पडली आणि तिच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. वहिनीने तिला बदलापूरला आपल्याकडे आणलं. व्यायामासाठी आठवड्यातून तीनदा अंबरनाथ पश्चिमेला, माझ्या घराजवळच्या एका फिजिओथेरपिस्टकडे न्यायचं ठरलं. रिक्षात चढता-उतरताना म्हातारीच्या तोंडून जो आवाज निघायचा, तो ऐकून रिक्षावालाही गप्प व्हायचा. व्यायाम करवून घेणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "आत्ता नियमित आणलंत तर आजी स्वतःच्या पायांनी संडासला जातील. खाडे केलेत तर अंथरुणातच राहतील."

वहिनीने धाकट्याकडे चावी मागितली.

"चावी कशाला, वहिनी? कुठे जायचंय ते सांगा, मी नेतो ना."

तिने दिवस सांगितले. पहिल्यांदा तो आला. दुसऱ्यांदा फार्महाऊसवाले आयत्या वेळी आले, तिसऱ्यांदा तो विसरला. दोन्ही वेळा म्हातारी साडी नेसून, वॉकर धरून तासभर बसून राहिली. मी त्याला फोनवर फैलावर घेतलं, तर म्हणाला, "ताई, तू ऑफिसात बसून यादीवर टिकमार्क करतेस. इथे चिखलात येऊन बघ."

वहिनी त्याच्याशी भांडली नाही. मला म्हणाली, "वन्सं, नवी चावी कुठे मिळेल ते बघा."

बघणं हे माझं काम. सर्व्हिस सेंटरने सांगितलं, मॉडेल जुनं आहे, चावी मागवावी लागेल, कधी येईल सांगता येत नाही. ऑफिसातल्या एकाने उल्हासनगर कॅम्प पाचमधल्या दुकानाचा पत्ता दिला. आम्ही दोघी गेलो. पापडांच्या दुकानाला लागून एक चिंचोळा गाळा, भिंतभर कोऱ्या चाव्या टांगलेल्या, आणि काउंटरमागे सोन्याची साखळी घातलेले, बोलायची भलती हौस असलेले एक सिंधी गृहस्थ.

"गाडी कुणाची?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"माझी," वहिनी म्हणाली.

"आपकी मतलब आपकी, की मिस्टरांची?"

वहिनीने पर्समधून आरसी काढून काउंटरवर ठेवली, शेजारी आधार कार्ड. त्यांनी दोन्ही जुळवून बघितलं आणि खूश झाले.

"बस, हेच पाहिजे. रोज कोणीतरी येतं माझ्याकडे. बोलतो, बायकोची गाडी आहे, चावी बनवून दे. मी बोलतो, साईं, पहिले बायको आण."

तडकलेल्या चावीची गोष्ट ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला, आणि त्या चावीवाल्याच्या मागच्या-पुढच्या पिढ्यांचा उद्धार सिंधीत केला असावा. मग म्हणाले, गाडी इथे आणता येत नाही तर मी येतो.

ठरल्या दुपारी ते बदलापूरला स्कूटरवरून आले. गाडी त्या दिवशी आवारात होती. त्यांनी जुन्या चावीवरून दोन नव्या चाव्या आधीच कापून आणल्या होत्या, आत चिप बसवलेल्या. आता गाडीला त्यांची ओळख करून द्यायची होती. स्टिअरिंगखाली एक वायर जोडून त्यांनी पाटीएवढं यंत्र मांडीवर घेतलं आणि सुरू करता करता थांबले.

"आणखी चावी आहे कुठे? चालू असलेली?"

"दिरांकडे आहे. वांगणीला."

"मग ती पाहिजे. ही गाडी जुन्या पद्धतीची आहे, भाभी. मेमरी उघडली की पहिलं सगळं पुसते. मग जेवढ्या चाव्या समोर, तेवढ्यांनाच ओळखते. जी हजर नाही ती बाद. दार उघडेल, गाडी चालणार नाही."

मी वहिनीला जरा बाजूला घेतलं. मला तर हे देवानेच सोडवून दिलेलं गणित वाटलं. "काही बोलू नकोस," मी म्हटलं. "होऊन जाऊ दे. नंतर म्हणता येईल, मशीननेच केलं."

वहिनीने माझ्याकडे पाहिलं. "न सांगता नाही, वन्सं. चोरून करायला मी काय दुसऱ्याची गाडी घेतेय?"

तिने तिथेच, गाडीच्या बॉनेटला टेकून, फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"भाऊजी, गाडीच्या नव्या चाव्या करतेय. तुमच्याकडची घेऊन या, म्हणजे तीही जोडून देतील. नाही आलात तर ती बंद पडेल."

"चावी कशी बंद पडेल? ती काय मोबाइल आहे?"

"तसंच काहीसं आहे म्हणे आत."

"कोण म्हणे? कॅम्पातला कोणी आणलाय का? अहो, तो टोपी घालतोय तुम्हाला. चावी बसली, फिरली, की झालं. ती गाडी मी इतकी वर्षं चालवतोय, मला विसरेल होय?"

चावीवाल्यांनी आकाशाकडे पाहिलं.

"हे संध्याकाळपर्यंत थांबायला तयार आहेत. वांगणी काही लांब नाही. या तुम्ही."

"मिरच्यांची रोपं लावतोय, वहिनी. कसा येणार?"

"बरं. मी सांगितलंय हं तुम्हाला. वन्संसमोर सांगितलंय."

"ताई आहे का तिथे? मग काय, यादीत नाव चढलं माझं." तो हसला आणि फोन ठेवला.

चावीवाले खरंच थांबले. वहिनीने त्यांना पोहे केले, चहा दोनदा दिला. वर जाऊन त्यांनी म्हाताऱ्या आईच्या वॉकरचे सैल झालेले स्क्रूही आवळून दिले, आणि तिला आपल्या सासूबाईंच्या गुडघ्यांची साग्रसंगीत हकिकत ऐकवली. ऊन उतरलं तेव्हा वहिनीने आणखी एकदा फोन केला. तो उचलला गेला नाही. मग तिने मेसेज लिहिला, मला वाचायला दिला, पाठवला. साधाच होता : वाट पाहिली, आता काम करून घेते, तुमची चावी नंतर केव्हाही जोडून मिळेल.

"करा," ती म्हणाली.

काही मिनिटांचं काम होतं. एक चावी लावली, काढली, दुसरी लावली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा लुकलुकायचा थांबला. चावीवाल्यांनी उतरून दार धरलं आणि वहिनी बसली. इंजिन सुरू झालं तेव्हा तिने दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि थोडा वेळ तशीच बसून राहिली. नंतर आवारात एक चक्कर मारली. पाण्याच्या टाकीजवळ गाडी बंद पडली. तिने पुन्हा सुरू केली.

शनिवारी सकाळी मी बदलापूरला गेले. स्वतः गाडी चालवत आईला व्यायामाला नेण्याची वहिनीची पहिलीच खेप होती, आणि सोबत म्हणून मी असावं असं ठरलं होतं. वर चहा घेत होतो तेवढ्यात खालून स्टार्टरचा आवाज आला. कुर्र, कुर्र, मग शांतता. पुन्हा कुर्र.

खिडकीतून पाहिलं. धाकटा गाडीत बसला होता. त्याने चावी काढली, शर्टाला पुसली, परत लावली. गाडी खोकायची, सुरू व्हायची नाही. वॉचमन जवळ येऊन काहीतरी म्हणाला, त्यावर याने हात झटकला.

मला हसू आलं. वहिनीला आलं नाही. तिने कप खाली ठेवला. "चला, आईला घेऊया," म्हणाली.

लिफ्टमधून आम्ही तिघी उतरलो. धाकटा गाडीबाहेर उभा होता, कान लाल झालेले. काय बोलायचं ते त्याने ठरवून ठेवलं असावं, पण समोर वॉकर धरलेली म्हातारी आली आणि तो दारापासून बाजूला झाला.

"भाऊजी, बरं झालं आलात," वहिनी म्हणाली. "आईला बसवायला हात लावा. उजवा पाय आधी आत घ्यायचा आहे."

त्याने म्हातारीला असं अलगद बसवलं की ती एकदाही कण्हली नाही. ते त्याला येतं. मोठ्यालाही तो असाच बसवायचा. वहिनीने पर्समधून चावी काढली आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसली.

"मला फार्महाऊसचं सामान न्यायचं होतं वांगणीला," तो खिडकीशी वाकून म्हणाला.

"आईचा व्यायाम झाला की नेऊया. बसा मागे."

तो माझ्या शेजारी बसला. डिकीत वॉकर मावेना, म्हणून तो त्याच्या मांडीवर आला. अंबरनाथपर्यंत वॉकरच्या दांड्यांमधून तो रस्ता बघत होता. वहिनी सावकाश, पण नेमकी चालवत होती. एका टेम्पोने मागून हॉर्नचा भडिमार केला, तरी तिने वेग वाढवला नाही. धाकट्याचा उजवा पाय मात्र प्रत्येक खड्ड्याआधी खालच्या चटईवर दाबला जात होता.

व्यायाम चालू असताना आम्ही बाहेर बाकावर बसलो.

"तूही सामील होतीस," तो मला म्हणाला.

"मी तर तिला सांगितलं होतं, तुला कळवू नकोस म्हणून. फोन तिने केला. दोनदा."

"मला वाटलं, बायकांना कोणीतरी फसवतोय."

आतून म्हातारीचा आवाज येत होता. ती बाईंच्या मागून पावलं मोजत होती, सहानंतर दर वेळी चुकत होती आणि हसत होती.

परत येताना आईला घरी सोडलं, सामान भरलं आणि कर्जतच्या रस्त्याला लागलो. आता धाकटा पुढे बसला होता. वांगणी जवळ आली तसा त्याचा फोन वाजला. फार्महाऊसवाल्यांपैकी कोणीतरी असावं. सोमवारी सकाळी पाहुणे येणार होते, स्टेशनवर गाडी हवी होती.

"सोमवारी..." तो म्हणाला आणि थांबला. वहिनी समोर बघत होती. रेल्वे फाटकाच्या अलीकडे एक बैलगाडी आडवी आली म्हणून गिअर बदलत होती. "मला आत्ता सांगता येणार नाही, साहेब. गाडी वहिनींची आहे. त्यांना विचारून कळवतो."

त्याने फोन खिशात ठेवला. बैलगाडी बाजूला झाली.

"सोमवारी आईचा व्यायाम आहे," वहिनी म्हणाली. "दुपारी चालत असेल तर विचारा त्यांना."

त्याने परत फोन लावला.