आनआनची दुसरी बाटली

लान लीछिंगला प्रयोगशाळेत सगळे समोर छिंगताई म्हणायचे आणि पाठीमागे काचताई. बाईचा प्लॅस्टिकशी उभा दावा, कामाला काचेशिवाय दुसरं भांडं चालायचं नाही. त्यांच्या ताइनान शहरात उकळतं सूप पिशवीत ओतून, वर रबर अडकवून घरी न्यायची सगळ्यांची रीत, पण ही बया स्टीलचा डबा घेऊन रांगेत उभी. दुकानदार लांबूनच ओरडायचा, "आल्या बघा डबेवाल्या बाई! झाका रे पिशव्या!" तीही काही कमी नव्हती. "पिशवी तूच खा मेल्या, मला नुसतं सूप दे," म्हणायची. प्लॅस्टिक मऊ करायला जे रसायन घालतात, ते माणसाच्या अंगात कितपत शिरलंय हे लघवीतून शोधायचं, हा तिचा धंदा. वीस वर्षं ती तेच करत आली, आणि वीस वर्षांत एकाही माणसानं तिला विचारलं नव्हतं, की बाई, सापडतं का काही?

त्या साली मे महिन्यात मात्र सगळं शहर विचारायला धावलं. सरबतं, जेली, पोरांच्या पोटाच्या पावडरी, सगळ्यात तेच रसायन निघालं. सरबत दाट दिसावं म्हणून जे मिश्रण घालतात, त्यात कुणा हरामखोरानं पैसे वाचवायला ते ढकललं होतं. टीव्हीवर रोज नवी नावं यायची. आया पोरांच्या लघवीच्या बाटल्या छातीशी धरून दारात उभ्या राहायच्या, आणि कुणी जरा मोठ्यानं बोललं की रडायच्या.

त्यात लीछिंगची धाकटी बहीण मेइचूही होती. लग्नानंतर किती वर्षं दवाखाने केले, नवस केले, तेव्हा कुठे आनआन झाली होती. पोरगी चार वर्षांची. तिच्या पहिल्या बाटलीतला आकडा लीछिंगनं दोनदा तपासला. त्या आठवड्यातला सगळ्यात मोठा आकडा तो. मेइचूनं त्याच दिवशी स्वयंपाकघर रिकामं केलं, टीव्हीवर नाव आलेलं एकूण एक फेकून दिलं.

आता या रसायनाचं एक बरं असतं. खाणं बंद केलं की दोन-तीन दिवसांत अंगातून धुऊन निघतं. म्हणजे आठवड्यानं घेतलेली दुसरी बाटली साफ यायलाच हवी. नाही आली, तर पोरीला कुणीतरी ते अजून भरवतंय.

आणि पोरगी दिवसभर असायची आजीकडे. लीछिंगच्या आईची देवळाजवळच्या बाजारात माशाच्या पेजेची गाडी होती. नवरा गेल्यावर म्हातारी पार खचली होती, पेजही करेनाशी झाली होती. आनआन आली आणि ती पुन्हा पहाटे उठून मासे साफ करायला लागली. पोरगी त्या गाडीमागच्या बाकावरच रांगायला शिकली.

मेइचूनं बाटली हातात देताना स्पष्टच सांगितलं होतं.

"ताई, ही वाईट आली ना, तर आनआन आईकडे जाणं बंद. माझ्या घरात मी काही ठेवलेलं नाही. उरलं कोण?"

"अगं, आई मरेल गं त्यानं."

"आणि माझी पोरगी?"

लीछिंगनं बाटलीवर आनआनचं नाव लिहिलं.

दुसऱ्या बाटलीचा आकडा सकाळी यंत्रावर आला. पहिल्याइतकाच. लीछिंग स्टुलावर बसली ती बसलीच. आता मेइचूला फोन करायचा आणि आजीच्या कुशीतून पोर काढून घ्यायची, तीही आपल्याच हातानं! देवा रे, असला धंदा कुणाला देऊ नको.

तेवढ्यात तिची नजर खालच्या ओळीवर गेली.

प्रत्येक खेपेला बाटल्यांबरोबर एक कोरी बाटली चालवतात. तिच्यात नुसतं शुद्ध पाणी. तेही तसंच गाळायचं, तसंच वाळवायचं, तसंच यंत्रात घालायचं, आणि त्यात काहीएक सापडता कामा नये. सापडलं, तर घाण माणसात नाही, प्रयोगशाळेत आहे. आज त्या कोऱ्या बाटलीत रसायन सापडलं होतं, आणि थोडंथोडकं नाही.

दुसरा कुठला दिवस असता तर लीछिंगनं घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिला आनंद झाला. खरंच झाला, उगाच कशाला लपवा! ती धावतच प्रयोगशाळेचे प्रमुख डॉक्टर फांग यांच्या खोलीत गेली.

"सर, कोरी बाटली घाण आलीय!"

"मग हसतेस काय? शोध कुठून आलं ते!"

शोधाशोध सुरू झाली. हातमोजे बदलले, झाकणं तपासली, फरशी पुसायचं औषध हुंगून पाहिलं. डॉक्टर फांग चष्मा कपाळावर चढवून नमुने वाळवायच्या पेटीसमोर वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"छिंगताई," ते हळूच म्हणाले, "हे इथं कुणी टांगलं?"

पेटीच्या वर लाल दोऱ्यानं खाऊचं हिरवं पाकीट लटकत होतं. आता यंत्र आहे तिथं हे पाकीट असायचंच. रुग्णालयात, बँकेत, आगगाडीच्या कचेरीत, सगळीकडे. त्या खाऊच्या नावाचा अर्थच मुळी 'शहाण्यासारखं वाग'. पाकीट हिरवंच हवं, म्हणजे यंत्राचा दिवाही हिरवा राहतो, तारीख उलटलेली नको, आणि कुणी फोडून खाल्लं तर यंत्र रुसलंच म्हणून समजा. एवढी शिकलेली माणसं, पण पाकिटाला हात लावायची कुणाची छाती नाही. यंत्र रात्रंदिवस चाललंय, बिचारं दमेल, म्हणून लीछिंगनंच चार दिवसांपूर्वी नवं पाकीट आणलं होतं. दमट हवेनं खराब होऊ नये म्हणून ते मऊ, पारदर्शक पिशवीत घातलं होतं. आणि ती पिशवी टांगली होती नेमकी गरम पेटीच्या वर. मऊ प्लॅस्टिक, तेही उबेला! काचताईनं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मीच, सर," ती म्हणाली. "मला जोड्यानं मारा."

डॉक्टर फांग आधी लाल झाले आणि मग खो खो हसत सुटले. "यंत्राला शहाण्यासारखं वाग म्हणालीस ना? वागलं की! तू टांगलेलं प्लॅस्टिक बरोबर शोधून दिलं त्यानं!"

"काढून टाकते."

"पिशवी काढ. पाकिटाला हात लावू नकोस, उगाच भलतं काही व्हायला नको."

लीछिंग व्हरांड्यात गेली आणि तिनं मेइचूला फोन लावला.

"मेइचू, बाटली बाद. चूक आमची आहे, माझीच आहे. आईवर उगाच संशय घेऊ नकोस."

पलीकडे मेइचू हुंदके देऊन रडायला लागली. "ताई, मी आईला काल काय काय बोलले गं! तोंडाला येईल ते बोलले. आत्ता फोन करते तिला."

लीछिंगचा जीव भांड्यात पडला. ती आत आली तर डॉक्टर फांग पडद्यासमोर बसलेले.

"सगळ्या बाटल्या बाद कशाला करतेस?" ते म्हणाले. "दुसरा आकडा आहे की. तो बघ."

पिशवीतून उडतं ते कच्चं रसायन. पण माणसाच्या पोटात गेलं की यकृत त्याला मोडतं आणि त्याचं वेगळंच काही करतं. ते पचलेलं रूप कुठल्या पिशवीतून येत नाही, हवेतून येत नाही. ते माणसाच्या आतच तयार होतं. त्याचा आकडा पुढच्याच रकान्यात होता. हे डॉक्टर फांग यांनी तिला शिकवायला नको होतं, नव्या पोरींना तीच शिकवायची. सकाळपासून तिनं तिकडे मुद्दामच बघितलं नव्हतं.

आता बघितलं. कोऱ्या बाटलीपुढे शून्य. बाकीच्या पोरांपुढे बारीकसारीक आकडे, उतरत चाललेले. आनआनपुढे तेवढाच मोठा.

लीछिंगनं पांढरा कोट उतरवला आणि स्कूटर काढली.

बाजार उठत आला होता. आई पातेलं घासत होती. आनआन बाकावर बसून पाय हलवत होती. मावशीला बघून तिनं तोंडातला घास तसाच ठेवून हात हलवला.

"आलीस? बस, पेज खा," आई म्हणाली. तिचा चेहरा फुलला होता. "मेइचूचा फोन आला होता. रडत होती वेडी. माफी मागत होती. मी म्हटलं, आईची कसली गं माफी!"

"आई, आनआनला तू काय काय देतेस?"

"पेज देते. फळं देते."

"आणखी?"

"आणि ती पोटाची पावडर. अर्धीच पुडी, पेजेत कालवून. नाही दिली तर शी होत नाही गं तिला, कळवळते पोर. बघवत नाही."

लीछिंग पुढे झाली. "मेइचूनं फेकायला सांगितली होती ना? टीव्हीवर नाव आलं होतं त्या पावडरीचं."

"आलं होतं की. मी बघितलं."

"मग? मेइचूला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तिनं माझ्याकडचीही फेकून दिली असती." आईनं हात पुसले. तिच्या बोलण्यात लपवाछपवी नव्हती, भीतीही नव्हती. "मेइचूकडची दुकानातली असेल. माझ्याकडची तू आणलेली. मागल्या वर्षी खोकंभर आणून दिलीस आणि म्हणालीस, आई, ही चांगली आहे, मी बघून आणलीय. टीव्हीवरचा तो टायवाला कोण, कुठला! मी काय ओळखते त्याला? तुला ओळखते."

लीछिंग आनआनशेजारी बाकावर बसली. पोरीनं लगेच तिच्या मांडीवर डोकं टेकलं. खिशातला फोन वाजला. मेइचूच होती.

"ताई, आईकडेच आहेस ना? तिला सांग, उद्यापासून आनआनला रोजच्यासारखी सोडते. आणि आज रात्री सगळे जेवायला बाहेर जाऊ, मी…"

"मेइचू, थांब. मी घाई केली. बाटली खरी आहे."

मेइचूचा आवाज चढला, "आईनंच ना? मला माहीतच होतं! दे तिला फोन, आत्ताच्या आत्ता दे!"

आई पातेलं पालथं घालून लेकीकडे बघत होती. "काय झालं गं? माझं काही चुकलं का?"

"तुझं नाही, आई," लीछिंग म्हणाली. मग फोन कानाशी घट्ट धरून बहिणीला म्हणाली, "पावडर आईची नाही, मेइचू. माझी आहे. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला."