हक्कबाईंनी पुरं केलेलं वाक्य

बाईंचं खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे त्यांना हक्कबाई म्हणत. मुलांचे हक्क हा विषय शिकवायला कुणीच तयार नव्हतं, म्हणून तो यांच्या गळ्यात पडला आणि यांनी त्याचं सोनं केलं. खेळाच्या तासाला गणित घेऊ पाहणाऱ्या सरांना यांची पोरं तोंडावर सांगत, "खेळणं हा आमचा हक्क आहे." सर चरफडत, बाई गालातल्या गालात हसत.

खोड एकच होती. बोलणारा जरा थांबला, की उरलेलं वाक्य बाई पुरं करत. पाच भावंडांत त्या थोरल्या. धाकट्यांना काय दुखतंय, काय हवंय, हे आईला त्याच सांगायच्या. ती सवय मोठेपणी वर्गातही आली. नवरा शिंपी, मोठा मिश्कील. गिऱ्हाइकांना सांगायचा, "आपलं बरंय. लग्न झाल्यापासून मी वाक्याला नुसती सुरुवात करतो." गिऱ्हाइकं हसत, बाईही हसत.

यंदा दूरदेशीच्या एका शाळेबरोबर संगणकाच्या पडद्यावरून तास ठरला. दोन्हीकडच्या मुलांनी एकमेकांना आपले हक्क सांगायचे, मध्ये दुभाष्या. बाईंनी कंबर कसली. प्रत्येकाला एक हक्क आणि त्याचं घोटून घेतलेलं एक वाक्य. वर्गातली एक मुलगी मात्र अडखळत बोलायची, पहिल्या अक्षरालाच तिची गाडी अडायची. हिला वाक्य दिलं तर तासाचा विचका होईल, हे बाईंनी हेरलं आणि लाडानं म्हटलं, "तू फलक धर हं बाळा. तुझं अक्षर किती सुंदर!" मुलीनं मान डोलावली. फलक तिनंच रंगवला : 'माझं म्हणणं ऐकून घ्या.'

त्या दिवशी इकडची पोरं पोपटासारखी बोलली. तिकडे नुसता सावळागोंधळ. एक टेबलाखाली, दोघं भांडतायत, आणि त्यांच्या बाई चक्क जमिनीवर फतकल मारून बसलेल्या. यांना कुणी वळण लावलंय की नाही, असं हक्कबाईंच्या मनात आलं. तेवढ्यात तिकडची एक चिमुरडी पुढे आली.

दुभाष्या म्हणाला, "ती विचारतेय, फलक धरलेल्या मुलीचं काय म्हणणं आहे?"

मुलीनं फलक खाली ठेवला. "म... म... मला..."

तिकडचं भांडण थांबलं. टेबलाखालचा बाहेर येऊन बसला. कुणालाच घाई नव्हती.

"मला... म..."

"तिला म्हणायचंय, की तिला शाळेत यायला खूप आवडतं!" बाई बोलून गेल्या.

दुभाष्यानं ते सांगितलं. चिमुरडीच्या कपाळाला आठी पडली. ती काहीतरी बोलली, तसा दुभाष्या चाचरला. "ती म्हणतेय, आम्ही तुम्हाला विचारलं नव्हतं."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलीनं निमूटपणे फलक उचलून पुन्हा छातीशी धरला होता. त्यावरचे, आपणच वर्गात शिकवलेले शब्द बाईंच्या डोळ्यांपुढून हलेनात. बाहेर मुख्याध्यापक म्हणाले, "झकास झालं!" तेव्हा तर तोंड कुठं लपवावं, असं झालं त्यांना.

घरी नवरा टीप घालता घालता म्हणाला, "मग, आजचा तास..." आणि सवयीनं थांबला. या खेपेला बाईंनी वाक्य पुरं केलं नाही. त्यानं मशीन थांबवलं. "बरं नाही का गं तुला?"

"मी फार वाईट वागले हो," एवढंच त्या म्हणाल्या आणि तिथंच, कापडाच्या ढिगाऱ्यावर बसून रडल्या.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई त्या मुलीजवळ गेल्या आणि तिच्या बाकाशेजारी जमिनीवर बसल्या. "काल माझं चुकलं बाळा. तुझं बोलणं मी हिसकावून घेतलं. काय सांगायचं होतं तुला? कितीही वेळ लागू दे, मी मध्ये बोलणार नाही."

आणि त्या खरंच थांबल्या. सुट्टी संपल्याची घंटा झाली, पोरं आत आली, तरी जागच्या हलल्या नाहीत. मुलगी त्यांच्याकडे पाहत होती. मग एखाद्याची समजूत काढावी, तशा मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही सांगितलंत तेच, बाई."

हे वाक्य मात्र ती कुठेही न अडखळता बोलली.