यादीत नसलेलं नाव

कॅनडातल्या आमच्या विंडसरच्या मराठी मंडळात काहीही नवं घ्यायचं झालं की आधी मला विचारायची पद्धत पडली होती. लॅपटॉप, फोनचा प्लॅन, घराबाहेर लावायचा कॅमेरा, काहीही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, एवढंच कारण. माझं काम खरं तर मोटारींच्या कारखान्यांना सुटे भाग वेळेवर पोचावेत यासाठीचे प्रोग्रॅम लिहिण्याचं. पण कोणी विचारलं आणि मी "मला माहीत नाही" म्हणालो, असं सहसा व्हायचं नाही. या दोषाची मला लाज वाटायला हवी होती, तर मी तो गुण समजून मिरवत होतो.

ज्यांच्याबद्दल हे लिहितोय त्यांना सगळेच काका म्हणतात. मी म्हणतो त्याला जरा जास्त अर्थ आहे. अकरा वर्षांपूर्वी दोन बॅगा घेऊन इथे उतरलो तेव्हा पहिले चार महिने त्यांच्या बेसमेंटमध्ये राहिलो. भाड्याचं नाव काढलं की काकू रागवायच्या. काकांनी मला बर्फात गाडी चालवायला शिकवलं, आणि दारातला बर्फ फावड्याने उपसताना कंबर कशी वाचवायची तेही. तीस वर्षं ते मोटारीच्या कारखान्यात इन्स्पेक्टर होते. तयार भाग मापात आहे की नाही हे तपासून शिक्का मारायचा, नाहीतर परत पाठवायचा, हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावरही हात गप्प बसत नसे. आमच्याकडे जेवायला आले की आधी खुर्ची हलवून बघत.

त्यांचा एकच शौक, क्रिकेट. आणि त्यावर दहा-वीस डॉलरची पैज. त्यासाठी ते एक परवानाधारक साइट वापरत. जिंकलेले पैसे ठरल्या दिवशी खात्यात यायचे, तक्रारीला जागा नव्हती. पण तिथे आपल्याकडचे देशांतर्गत सामने नसत. एका दिवाळीत त्यांना एक नवी साइट सापडली. तिच्यावर सगळं होतं. त्यांनी मंडळाच्या ग्रुपवर तिची लिंक टाकून मला विचारलं, "ही विश्वासाची आहे का रे?"

मी ब्राउझरमध्ये दोन्ही साइट शेजारी शेजारी उघडल्या आणि आतला कोड पाहिला. पैज लावण्याचा चौकोन दोन्हीकडे एकाच सर्व्हरवरून येत होता. फायलींची नावं तीच, चूक झाल्यावर दिसणारी वाक्यंसुद्धा तीच. मला भलताच आनंद झाला. इतर लोक रंग आणि लोगो बघतात, मी थेट बॉनेट उघडलं होतं. ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला: या दोघी एकाच प्लॅटफॉर्मवर चालतात, मागचं इंजिन एकच आहे, तेव्हा जुनी जेवढी चांगली तेवढीच नवीही चांगली, बिनधास्त वापरा. तेवीस अंगठे आले. नव्या साइटच्या पानाच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत, कुठल्याशा बेटावरच्या परवान्याचा उल्लेख होता. तिथपर्यंत मी गेलोच नाही.

पंधरा दिवसांनी ऑफिसात जेवताना हीच हुशारी मी एका सहकाऱ्याला सांगायला गेलो. तो पूर्वी अशाच प्लॅटफॉर्मच्या कंपनीत होता. त्याने सँडविच खाली ठेवलं. म्हणाला, प्लॅटफॉर्म म्हणजे भाड्याचं किचन. शेगडी, भांडी, ओटा त्यांचा. तिथे कोण स्वयंपाक करतो आणि गिऱ्हाइकाला काय वाढतो, याच्याशी त्यांचा संबंध नाही. पैसे परत द्यायचे की नाही ते साइटचा मालक ठरवतो. आणि आपल्या ऑन्टारिओ प्रांतात कोणत्या मालकाला परवानगी आहे, त्याची यादी सरकारी नियामकाच्या वेबसाइटवर असते.

मी तिथेच, डबा उघडा ठेवून, फोनवर यादी पाहिली. काकांची जुनी साइट होती. नवी नव्हती. वरपासून खालपर्यंत तीनदा पाहिलं, नव्हती.

एवढं झाल्यावर माणूस काय करेल? ग्रुपवर दोन ओळी लिहील. मीही लिहिल्या. मग ते तेवीस अंगठे आठवले आणि त्या पुसून टाकल्या. मनाशी म्हणालो, काकांना एकट्यांना सांगू, सवडीने. काका दहा-वीस डॉलरच तर लावतात. मग नाताळ आला, मग थंडी पडली. खरं सांगायचं तर जीभच रेटली नाही. ज्या माणसाने मला उभं केलं, त्याच्यासमोर मूर्ख ठरायची माझी तयारी नव्हती.

त्यात संक्रांतीच्या कार्यक्रमात माझं भाषण ठरलं होतं. विषय, ज्येष्ठांसाठी ऑनलाइन सुरक्षितता. मी आयत्या वेळी एक स्लाइड वाढवली: परवान्याच्या यादीत नाव आहे का, ते पाहा. वाटलं, झालं आपलं काम, कोणाचं नाव न घेता सांगितलं. काका पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते. प्रश्नांच्या वेळी त्यांनी हात वर केला.

"ती नवी साइट तू सांगितली होतीस ना, तिचं नाव त्या लिस्टमध्ये आहे ना रे?"

शंभर माणसं माझ्याकडे बघत होती. काकू मागे तिळगुळाच्या पुड्या वाटत होत्या.

"हो काका," मी म्हणालो.

त्यांनी वहीत काहीतरी खोडलं आणि मान हलवली. त्यानंतर त्यांनी जुनी साइट बंद करून तिथली सगळी शिल्लक नव्या साइटवर टाकली.

मार्चमध्ये ते चांगले जिंकले आणि पैसे काढायला गेले. साइटने कागद मागितले. दिले. पुन्हा मागितले. वीजबिल अस्पष्ट आहे, म्हणे. मग कळवलं की खातं उघडताना तुम्ही चुकीची माहिती भरली आहे, म्हणून खातं गोठवलं आहे. ही त्यांची नेहमीची पळवाट असणार, मला लगेच कळलं. काकांना नाही कळलं. त्यांना वाटलं, खरंच आपण चुकलो.

मला म्हणाले, "जन्मतारीख उलटी टाकली असेन. एज झालं रे आता."

आणि मी काय केलं? त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांच्याबरोबर ती चूक शोधली. एक-दोनदा नाही, पाच-सहा रविवार. फोन करून विचारायचो, "काका, काही आठवलं का?" काकू मला चहाबरोबर थालीपीठ द्यायच्या आणि म्हणायच्या, "तू आहेस म्हणून बरं." ते थालीपीठ मी खाल्लं, हेही लिहूनच टाकतो.

पैसे गेले ते गेले, पण काका पैशाबद्दल बोलतच नव्हते. त्यांनी बँकेचं काम काकूंकडे दिलं. गोळ्यांच्या डबीवर चिठ्ठ्या लावल्या. हायवेवर गाडी न्यायची सोडली. मग एडमंटनला राहणाऱ्या त्यांच्या मुलीने फोनवर सांगितलं, "डॅड, प्लीज, जस्ट गेट टेस्टेड." त्यांनी स्मरणशक्तीच्या तपासणीची अपॉइंटमेंट घेतली आणि मला म्हणाले, "नेशील का? मला आता माझा भरवसा वाटत नाही."

क्लिनिकच्या पार्किंगमध्ये गाडी बंद केल्यावर मात्र माझ्याने राहवेना. मी स्टिअरिंगकडे बघतच बोललो.

"काका, तुम्ही काहीही चुकीचं भरलेलं नाही. ती साइटच तशी आहे. यादीत तिचं नाव नव्हतं. मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"संक्रांतीच्या आधीपासून."

काकांनी सीटबेल्ट सोडला, जॅकेट नीट केलं आणि आत गेले. मी मागोमाग गेलो. मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तासाभराने बाहेर आले ते हसत. डॉक्टर म्हणाले होते, या वयाला असं उत्तम डोकं फार थोड्यांचं असतं. शिव्या घातल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी फक्त हात पुढे केला.

"चावी दे. मी चालवतो."

मी शेजारच्या सीटवर बसलो. गाडी रस्त्याला लागल्यावर काका म्हणाले, "आमच्या प्लांटमध्ये एकाच सांगाड्यावर तीन वेगळ्या गाड्या बनायच्या. सांगाडा बरोबर आहे म्हणून मी कधी शिक्का मारला नाही. ब्रेक कोणी बसवले ते बघायचो. हे तू मला विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं."

"चुकलो, काका."

"ते चुकणं ठीक आहे. माणूस चुकतो." पुढे लाल दिवा लागला, त्यांनी गाडी थांबवली. "तुझ्या भाषणाच्या आधीच मी ती लिस्ट पाहिली होती. पाहणारच ना, तीस वर्षं तेच केलं. नाव नव्हतं. म्हणून तर तुला सगळ्यांसमोर विचारलं. तू हो म्हणालास. मग मला वाटलं, मला छापलेलं नीट दिसत नाही, नाहीतर दिसलेलं लक्षात राहत नाही. माझं डोकं गेलं असं मला तिथूनच वाटायला लागलं, बघ."

दिवा हिरवा झाला. काकांनी आरशात पाहिलं, मान वळवून मागे पाहिलं आणि गाडी हायवेला घेतली.