दाढीवाला जर्मन

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. तुम्हाला सांगतो — हसलात तरी चालेल, मलाही अजून हसू येते. पण शेवटपर्यंत ऐका.

मला नाद आहे जुन्या कोरीव तसबिरींचा. तांब्याच्या पत्र्यावर रेघ रेघ कोरून कागदावर उठवलेले थोर विचारवंतांचे चेहरे! हा नाद लावला सोलापूरच्या आमच्या हिरेमठ मास्तरांनी. त्यांच्या भिंतीवर विषाचा पेला हाती घेतलेला तो ग्रीक म्हातारा होता. मी पुण्याला कॉलेजात गेलो, तरी जीव त्याच्यातच. मास्तर म्हणत, "माझ्याकडे नसलेला विचारवंत आण, आणि हा घेऊन जा."

एका सुटीत मंगळवार बाजारातल्या रद्दीत एक भरघोस दाढीवाला सापडला. कपाळावर आठ्या, नजर दूर कुठे तरी — आणि खाली ठसठशीत इंग्रजी अक्षरांत बद्धकोष्ठाच्या गोळ्यांची जाहिरात! गोळ्यांचा कारखानदार होता तो. मी काय केले असेल? खालची पट्टी कात्रीने उडवली, चित्र पुठ्ठ्यावर चिकटवले आणि मास्तरांना म्हणालो, हा जर्मन तत्त्वज्ञ. मास्तरांनी चष्मा पुसून पुसून पाहिले. "काय कपाळ आहे रे!" ग्रीक म्हातारा माझा झाला.

पण खरा अपराध हा नव्हेच. तो — सांगतो.

मास्तरांनी हौसेने पेठेतली वकील मंडळी तसबिरी पाहायला बोलावली आणि मला म्हणाले, "या जर्मनावर तू बोल." मुलगा भाषण करणार म्हणून दुधनीहून अप्पा आले, माझे वडील. आडतीत धान्य मापणारे, सहीच्या जागी अंगठा उठवणारे. पटका सावरून कोपऱ्यात बसले. बोलू काय? गोळ्यांपलीकडे मला त्या गृहस्थाची माहिती नव्हती! लहानपणापासून घरात ऐकलेले तेच तोंडातून बाहेर आले. हा तत्त्वज्ञ म्हणतो, तराजू धरणाऱ्याने आधी आपली बोटे पाहावीत. हा म्हणतो, बैल बोलत नाही म्हणजे त्याला पटले, असे समजू नये.

वकील मंडळींनी माना डोलावल्या. मास्तरांचे डोळे भरून आले.

वाक्ये अप्पांची होती. शब्दन् शब्द.

भाषण संपल्यावर अप्पा लगबगीने पुढे आले. "तम्मा, त्यो जर्मन लई शाना हाय की! आमी हितं अडाणीपणानं बोलतो, त्ये त्यानं तिकडं बोलून ठेवलंय!"

मास्तर हसून म्हणाले, "म्हणजे तुम्हीही तत्त्वज्ञच की हो, अप्पा!"

अप्पांनी कान पकडले. "छे छे! कुटं त्यो, कुटं आमी!"

एक वाक्य पुरले असते. अप्पा, हे तुमचेच. का नाही बोललो? गोळ्यांचे बिंग फुटेल म्हणून? तेवढेच असते तर बरे होते. माझ्या शहाणपणाचे मूळ एका अंगठेबहाद्दर माणसात आहे, हे त्या वकिलांसमोर सांगायची मला लाज वाटली. मी हसलो — आणि म्हणालो, "व्हय अप्पा, लई शाना."

पूर्वी अप्पा हमालांची भांडणे मिटवताना "मी सांगतो" म्हणून सुरुवात करीत. आता मी शेजारी उभा असलो, तरी आधी हात वर करून बजावतात, "माझं न्हाय हे. माझ्या पोराच्या जर्मनाचं हाय."