पाणवेल दिली

माझा स्वभाव पहिल्यापासून उतावळा. पोटात गोष्ट राहिली की हातांना चैन पडत नाही. भांडं सुटतं, पीठ सांडतं, चुलीतलं लाकूड उगाच मागं-पुढं होतं. तरी सासूबाईंनी आपल्या औषधाचं नाव मलाच सांगितलं, कारण घरात दुसरी बाई नव्हती.

इंझोरीत बैलाचा खांदा सुजला की माणसं आमच्या दाराशी येत. सासूबाई आदल्या सांजेला हळदीचे तांदूळ घेऊन वेलाला आवतण देऊन यायच्या आणि सकाळी कोणाशी न बोलता मूळ उकरून आणायच्या. आलेल्याच्या हातात पडे तो वाटलेला लगदा. कशाचा, हे कोणी विचारत नसे. "नाव फुटलं का गुण गेला. पोटात ठेव," असं बजावून त्यांनी ते माझ्या कानात सांगितलं. पाणवेल.

मी खट्टूच झाले. काहीतरी पोथीतलं, जड नाव असेल असं मला वाटलं होतं. पाणवेल कोणाला ठाऊक नव्हती? पावसाळ्यात प्रत्येक कुपाटीवर, काटेरी कुंपणावर चढणारं हे रानद्राक्ष. कांड तोडलं की टपटप पाणी गळतं, म्हणून पाणवेल. गुराखी ते पाणी पीत. भादव्यात काळे आंबट घोस लागत, पोरं ते खात आणि जीभ खाजते म्हणून रडत. लपवायला हेच नाव सापडलं होतं!

त्या वर्षी पेरणी तोंडावर आली आणि सासूबाई लेकीच्या बाळंतपणाला वाशीमला गेल्या. दुसऱ्याच दिवशी शेजारीण आली. आम्ही दोघी एकाच वर्षी या गल्लीत सून म्हणून आलो होतो, पाण्याला जोडीनं जायचो; गावात माझ्या जिवाची अशी ती एकटीच. त्यांच्याकडे एकच बैलजोडी, आणि त्यातल्या एकाचा खांदा टम्म सुजला होता.

"तुले नाव मालूम असन. सांग ना वो," ती म्हणाली.

"त्या येऊ दे."

"तवरी जमिनीची ओल जाईन. बैल जू पाहून मान फिरवून राह्यला."

दोन दिवस मी घरात नुसती येरझारा घालत होते. पलीकडून बैलाचं हंबरणं ऐकू आलं की वाटे, धावत जाऊन सांगावं; उंबऱ्यापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. दोन दिवसांत दोनदा भाकरी करपली. तिसऱ्या दिवशी ती दारात बसून रडायला लागली, आणि माझा धीर सुटला. हात धरून मी तिला तिच्याच कुपाटीपाशी ओढत नेलं.

"हीच. पाणवेल. हिचं मूळ हळदीत वाट, कोमट करून बांध."

तिचं रडं तिथंच थांबलं. आधी वेलाकडे बघितलं तिनं, मग माझ्याकडे.

"लहानपनी आमी खाल्ली, थेच ना? मले येडी समजून राह्यली काय? सांगाचं नसन तं नोको सांगू, पन असं कायले करतं?"

मी शपथ घ्यायला निघाले, पण ती घरात निघून गेली होती.

मीच मूळ उकरून नेलं असतं तर? हा प्रश्न अजून मला बसू देत नाही. पण आवतण कसं द्यायचं ते मला शिकवलेलं नव्हतं, आणि त्याशिवाय वेलाला हात लावायची छाती झाली नाही. नाव फोडायची मात्र झाली.

आठ दिवसांनी सासूबाई परतल्या. शेजारीण लगदा घेऊन गेली आणि चार-पाच दिवसांत सूज उतरली. शिवारात सगळ्यात शेवटी त्यांची पेरणी झाली. ते सांगायला ती आली तेव्हा मी तिथंच धान्य पाखडत होते.

"खरं औषध तुमच्यापाशीच, मामी. तुमच्या सुनेनं मले पाणवेल देल्ली होती."

माझ्या हातातलं सूप थांबलं. सासूबाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मोठ्यानं हसल्या. "पोरगी हाय. मस्करी केली असन."

ती गेल्यावर मी बोलणी खायला तयार होऊन बसले. त्यांनी पाटा-वरवंटा दोनदा धुतला. "नाव वाचलं. कोनाले खरं नाही वाटलं," एवढंच म्हणाल्या. माझं काय झालं, ते त्यांनी विचारलं नाही. मला इतका राग आला की तो पाटा उचलून अंगणात फेकावा.

पुढं विहिरीवर ती म्हणच पडली. कोणी खरं सोडून भलतंच सांगितलं की बाया म्हणत, "पाणवेल देल्ली." म्हणताना माझ्याकडे बघत आणि शेजारीणही बघे. आम्ही पुन्हा जोडीनं पाण्याला गेलो नाही. सासूबाई होत्या तोवर बैल बरे होत राहिले. नाव फुटूनही गुण गेला नव्हता, आणि हे सांगायची मला सोय नव्हती.

सासूबाई गेल्या. माझ्या लेकीचं लग्न ठरलं. कामरगावला सासरी जायच्या आधी मी तिला परसात नेलं, दार लोटलं, आवतण कसं देतात ते दाखवलं आणि कानात नाव सांगितलं.

ती मागं सरली आणि खुदकन हसली.

"माय, मलेबी पाणवेल देऊन राह्यली काय?"