गुडघ्याचा शेक

गेल्या रविवारी पहाटे मी आमच्या नांदेडात रस्त्याच्या कडेला एका टेबलामागे उभी होते, पाण्याचे पेले भरत. धावण्याची स्पर्धा होती. हल्ली मी स्वतः फारशी पळत नाही, पळणाऱ्यांना पाणी देते. वय वाढलं की माणूस मैदानातून टेबलामागे सरकतो, त्यात तक्रार करण्यासारखं काही नाही. गोदावरीवरून बोचरा वारा येत होता आणि समोरून लालबुंद चेहऱ्यांच्या पोरी-पोरं धापा टाकत येत होती. पेला घ्यायचा, दोन घोट प्यायचे आणि उरलेलं पाणी डोक्यावर ओतून पुढं पळायचं, अशी त्यांची रीत. मीही तसंच करत आले आहे. पण एका मुलीनं काठोकाठ भरलेला पेला ओठाला न लावताच मानेवर उपडा केला आणि त्या पाण्याचा ओघळ डांबरावरून गटाराकडे निघाला, तेव्हा मी पेले भरायचं विसरले. मी त्या ओघळाकडे बघत राहिले. पुढच्या गृहस्थांनी "मॅडम, पाणी" म्हणून हाक मारली तेव्हा कुठं भानावर आले.

लातूरला पाणी नव्हतं, त्या हिवाळ्यातली मावशी आठवली होती मला.

त्या वर्षी मी पहिल्यांदा पूर्ण मॅरेथॉन पळायचं ठरवलं होतं. जानेवारीत, मुंबईला. चाळिशी ओलांडलेली शाळामास्तरीण बेचाळीस किलोमीटर पळणार, ही बातमी घरात विनोद म्हणूनच फिरली. नवरा म्हणाला, "रिक्षाचे पैसे खिशात ठेव म्हणजे झालं." मुलं हसली, मीही हसले. पण आतून मला ते फार हवं होतं. लग्न, नोकरी, मुलांच्या परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, सगळं ओघानं आलं आणि मी करत गेले. मनानं निवडलेली अशी ही पहिलीच गोष्ट होती. पावसाळ्यापासून घाम गाळला होता. नाताळच्या सुट्टीतले दिवस सर्वांत मोलाचे, कारण सर्वांत लांबचं पळणं तेव्हाच करायचं असतं. ते चुकलं की जानेवारीत पाय मध्येच साथ सोडतात.

आणि नेमकं त्याच सुट्टीत मला लातूरला जावं लागलं. काका पावसाळ्यात गेले होते, मावशी एकटी होती, तिच्या लेकाला रजा मिळत नव्हती. आई म्हणाली, "तू जाऊन राहा तिच्याजवळ." मी बॅगेत साड्यांच्या खाली बूट दडवून निघाले.

मावशीचं घर गंजगोलाईजवळच्या एका बोळात. नळाला कित्येक आठवडे पाणी आलं नव्हतं. टँकर यायचा तेव्हा सगळी गल्ली घागरी-कळश्यांसकट बाहेर पडायची, आणि मिळालेलं पाणी मागच्या अंगणातल्या टिपाडात साठवून त्याच्या तोंडाला फडकं बांधून ठेवायचं. ताटं धुवायला नकोत म्हणून जेवण पत्रावळीवर. तांब्याचा बंब कोपऱ्यात थंडगार पडून होता. मावशी मात्र मजेत बोलायची. "जिल्हा झाला तवा तुझ्या काकांनी गल्लीभर बर्फी वाटली हुती," ती सांगायची. "म्हणायचे, आता कलेक्टर येईल, रुंद रस्ते येतील, घरोघर पाणी येईल. कलेक्टर आले, रस्ते बी आले." तिसऱ्याचं नाव ती घ्यायचीच नाही, नुसती टिपाडाकडे बघून भुवया उडवायची.

माझ्या पळण्याचं तिला कळलं तेव्हा तिनं 'कशाला' असं विचारलं नाही. असं न विचारणारी ती एकटीच. "किती लांब?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, "इथून मुरूड जितकं लांब, त्याच्या दुप्पट." तिनं गालावर हात ठेवला. "आगं माय! अन् परत कशानं येतीस?"

पहिल्या दिवशी उजाडता उजाडता मी औशाच्या रस्त्याला पळाले. वाटेत टँकरची वाट बघणाऱ्या बायकांची रांग लागली होती. त्यातली एक माझ्यासोबत चार पावलं चालत आली आणि काळजीनं म्हणाली, "बाई, दवाखान्यात कोण हाय तुमचं? अशा पळून राहिलात म्हणून इचारते." मी म्हटलं, कुणी नाही, उगीच पळतेय. "उगंच?" ती थांबली. तिच्या कमरेवरची रिकामी घागर, माझ्या अंगावरून निथळणारा घाम. मला माझीच लाज वाटली. घरी आले तर मावशीनं मोरीत वाफाळती बादली भरून ठेवलेली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. मी नको म्हटलं की म्हणायची, "घामट अंगानं बसतीस व्हय? गार वारं लागंल." टिपाडातलं पाणी मात्र भराभर खाली चाललं होतं, आणि टँकरचा पत्ता नव्हता.

मग मी ठरवलं की पळणं बंद. खरं कारण सांगितलं असतं तर मावशीनं ऐकलंच नसतं, म्हणून म्हटलं, "मावशी, गुडघा दुखतोय. आता पळणं नको." बोलताना मी तोंड फिरवलं. सगळा पावसाळा, सगळी थंडी त्या एका वाक्यात बुडवत होते मी. मावशीला वाटलं कळ फार येते आहे. तिचे डोळे भरले.

आणि तिनं उपचार सुरू केला! सकाळ-संध्याकाळ मिठाचं कढत पाणी, त्यात टॉवेल बुडवून गुडघ्याला शेक, मग पाय पाण्यात सोडून बसायचं. मी म्हणायची, विटेचा शेक दे, तव्यावर फडकं गरम करून दे. ती ऐकेना. "कोरड्या शेकानं शीर सुकती," म्हणायची. त्या धडधाकट गुडघ्यावर तिचे सुरकुतलेले हात फिरत आणि मी छताकडे बघत बसे. ते पाणी नंतर ती संडासाला वापरते, तेव्हा फुकट तर जात नाही ना, अशी मी मनाची समजूत घालत होते.

एका पहाटे सवयीनं लवकर जाग आली. मावशी पूजेला बसली होती. आम्हा लिंगायतांत आंघोळ केल्याशिवाय कुणी गळ्यातलं इष्टलिंग हातात घेत नाही, आणि मावशी तर या बाबतीत फार कडक, तापातसुद्धा न्हायची. मी मोरीत डोकावले. फरशी कोरडी ठणठणीत. बाहेर आले तर ती विभूतीचा गोळा हातावर चोळून कपाळाला, मानेला, दंडांना, पोटऱ्यांना भस्म लावत होती, अगदी सावकाश, साबण लावावा तसं.

"मावशी, आंघोळ?"

"झाली की."

"मोरी तर कोरडी आहे."

"भस्माची केली. शिवाला चालतंय."

"कधीपासून?"

तिनं दुसऱ्या दंडाला भस्म लावलं. मग हळूच म्हणाली, "तुझा गुडघा बरा होऊ दे आधी. देवाला काय पळायला जायाचं न्हाई कुटं."

मी तिच्यासमोर बसले आणि सगळं सांगून टाकलं. गुडघ्याला काही झालेलं नाही. पाणी वाचावं म्हणून बोलले. पुढ्यातलं लिंग मावशीनं आधी कपाळाला लावलं, नीट गळ्यातल्या चांदीच्या डबीत ठेवलं, पदर सावरला, आणि मग तिला जे हसू फुटलं ते थांबेना. हसता हसता रडू लागली. "पळत हुतीस तवा एक बादली लागायची," ती डोळे पुसत म्हणाली, "अन् बसून राहिलीस तर दोन लागाया लागल्या! ऊठ. घाल ते बूट."

त्यानंतर आम्ही एक बादली दोघींत वाटून घेतली. आधी तिची अर्धी, मग माझी अर्धी. अंग ओल्या टॉवेलनं पुसायचं आणि राहिलेल्या पाण्यानं कसंबसं काम भागवायचं. रोज ती दाराशी उभी राहून मला वाटेला लावायची. रांगेतल्या बायकाही आता ओळखू लागल्या होत्या. ती पहिली बाई लांबूनच ओरडायची, "आज कुठवर?" सुट्टी संपता संपता मी सर्वांत लांबचं पळणं पुरं केलं आणि नांदेडला परतताना मावशीला मिठी मारली, तर तिच्या मानेला भस्माचा कोरडा, थंड वास होता.

जानेवारीत मी मुंबईला पळाले. शेवटी शेवटी पाय लाकडासारखे झाले, रडले, चालले, पुन्हा पळाले आणि पोचले. खोलीवर येऊन आवरलं आणि सगळ्यांच्या आधी लातूरला फोन केला.

"शेवटपर्यंत पोचलीस?" मावशीनं विचारलं.

"पोचले."

"न्हालीस का?"

"न्हाले की. अर्ध्या बादलीत." सवयच तशी झाली होती.

मावशी म्हणाली, "येडी हायस. तितं पाणी हाय न्हवं? जा, पुन्यांदा न्हा. डोक्यावरनं. माझ्या वाटचं बी घे."

पुढच्या पावसाळ्यात लातुरात पाऊस झाला, टिपाडं भरली. मावशी त्यानंतर काही वर्षं होती, आता नाही. त्या शर्यतीचं पदक कुठल्या कपाटात आहे तेही मला ठाऊक नाही, आणि किती वेळ लागला होता ते कुणी विचारलं तर सांगता येणार नाही. पण मुंबईत त्या दुपारी फोन ठेवून मी पुन्हा बाथरूममध्ये गेले, शॉवर पूर्ण सोडला आणि डोळे मिटून त्याखाली उभी राहिले. मावशीच्या वाटणीचं पाणी केसांतून, मानेवरून, दंडांवरून वाहत होतं, आणि नळ बंद करायला माझा हात काही लवकर उठला नाही.