सुमतीअक्कांच्या भिंती

सुमतीअक्कांच्या यजमानांचा, भावोजींचा, फोन आला तेव्हा मी अंबत्तूरला एका नव्या इस्पितळाच्या बांधकामावर होते. त्यांनी आधी तमिळमध्ये सांगितलं, मग मला कळलं नसेल असं वाटून मराठीत... "सुमती गेली." मला दोन्ही वेळा कळलं होतं. दीड महिना झाला, तरी मोकळी भिंत दिसली की हात फोनकडे जातो, अक्कांना विचारू म्हणून.

इस्पितळांच्या भिंतींवर कोणती चित्रं लावायची हे ठरवणं, हे सुमतीअक्कांचं काम. मी कोल्हापूरहून चेन्नईला आलेली आर्किटेक्ट. आराखडा माझा, चित्रं त्यांची, अशी आमची जोडी जमली. त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. त्यांचं 'मज नको', 'तुज ठाऊक' ऐकून सुरुवातीला मला हसू यायचं, पुढे त्यांचं घरच माझं इथलं माहेर झालं. एका कॅन्सरच्या वॉर्डात त्यांनी मोठ्या हौसेनं शेताचं चित्र लावलं होतं, ताडांच्या रांगेमागे टेकलेला केशरी सूर्य. एन्नोरहून आलेल्या एका बाईंनी सलाइन चालू असतानाच विचारलं, "अम्मा, हा उगवतोय की बुडतोय?" अक्का 'उगवतोय' म्हणाल्या, पण बाईंची नजर काही बदलली नाही. अक्कांनी ते चित्र त्याच दिवशी उतरवलं. गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "इथं पडलेल्या माणसाला ही शंका येता नये, मेधा." त्यानंतर पेशंटांपाशी बसून बोलल्याशिवाय त्यांनी एकही चित्र लावलं नाही. डॉक्टर घाई करायचे, अक्का करायच्या नाहीत.

गेल्या वर्षी तोच आजार त्यांना झाला, आणि खोलीही त्याच वॉर्डातली मिळाली. समोर त्यांनीच निवडलेलं कमळांचं तळं. मी उगाच उत्साहानं म्हणाले, "अक्का, आपलं तळं!"  काही दिवसांनी एका दुपारी अक्का म्हणाल्या, "ते काढ गं. किती जणांना मी हे बघायला लावलं... किती शांत आहे ते. मज तितकं शांत होता येईना."

मी स्टुलावर चढून चित्र उतरवलं. भिंतीवर नुसता खिळा राहिला. "दुसरं आणू? काय आणू, सांगा ना," मी विचारत राहिले. त्यांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा उशाशी पेपर धरून बसलेले भावोजी उठले, खुर्ची ओढत नेऊन बरोबर त्या खिळ्याखाली ठेवली आणि अक्कांकडे तोंड करून बसले. "हे चालेल?" कितीतरी दिवसांनी अक्का हसल्या. "चालेल. पण केस विंचरून या."

दुसऱ्या दिवसापासून भावोजी इस्त्रीचा शर्ट घालून, भांग पाडून यायचे आणि तिथं बसायचे. अक्का बघत राहायच्या. शेवटच्या दिवशीही त्या त्यांच्याकडेच बघत होत्या. त्यांची नजर थांबलीये, हे भावोजींना बराच वेळ कळलंच नाही...

परवा त्यांच्या टी. नगरच्या घरी गेले. खाली साड्यांच्या दुकानांपुढे नेहमीची गर्दी होती. भावोजी आतल्या खोलीत, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसले होते. अंगात इस्त्रीचा शर्ट, केस नीट विंचरलेले. समोर अक्कांचा पलंग. खोलीत उकडत होतं.

"भावोजी, बाहेर पंख्याखाली बसू या ना," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. "इथून तिज दिसतों मी," म्हणाले.

मी खाली, त्यांच्या खुर्चीशेजारी बसले. समोरच्या पलंगावर धुतलेली चादर घातली होती, कुठंही सुरकुती नव्हती.